संकल्पाला 'लांबलं तर'चा रकाना

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने राज्यांच्या कृषी विद्यापीठांना सोबत घेऊन जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्कालीन पीक आराखडे तयार केले आहेत. अमरावती आणि अकोल्याचेही आहेत. वाचायला अगदी रूक्ष. पाऊस वेळेवर आला तर काय पेरायचं हे त्यात असतंच, पण खरी मेहनत दिसते ती पुढच्या रकान्यांत. पाऊस दोन आठवडे लांबला तर? चार? सहा? आठ? दर वेळी उत्तर वेगळं: कोणतं पीक सोडायचं, कोणता लवकर येणारा वाण घ्यायचा, आंतरपीक कोणतं. पाऊस सुरू होऊन मधेच दडी मारली तर काय, शेवटी दगा दिला तर काय, धो-धो कोसळला तर काय, तेही लिहून ठेवलेलं.

आता ३१ डिसेंबरच्या रात्री आपण डायरीच्या पहिल्या पानावर काय लिहितो ते आठवा. रोज पाच किलोमीटर चालणे. साखर बंद. रात्री दहाला झोप. महिन्याला पाच हजार शिल्लक. रकाना एकच, तोही सगळं सुरळीत चाललं तरचा. पहिल्या आठवड्यात सर्दी होते, दुसऱ्या आठवड्यात पाहुणे येतात, आणि संक्रांतीचे तिळगूळ वाटून होईस्तोवर आपण म्हणतो, "जाऊ द्या न भाऊ, आता पुढच्या सालीच पाहू."

वऱ्हाडातला कास्तकार असं पेरत नाही. १५ जूनला पेरणी, असं कॅलेंडरवर लिहून कोणी तिफन जुंपत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला दर जूनमध्ये पेपरात येतो. तरीही कधी ओल तुटते आणि दुबार पेरणीची पाळी येते. दुबार पेरणीचं कौतुक करण्यासारखं काही नाही, बियाण्याचा दुसऱ्यांदा खर्च कंबरडं मोडतो. पण ती करणाऱ्याला गावात कोणी 'याचा निश्चय कच्चा' म्हणत नाही. हंगाम पाहून त्याने बेत बदलला, एवढंच. स्वतःच्या संकल्पाची दुबार पेरणी तर फुकट होते. तिथे आडवा येतो तो फक्त आपला मान.

लवचीक संकल्प म्हणजे ढिला संकल्प, ही समजूत आधी काढून टाका. मरिसा शरीफ आणि सुझान शू या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही लोकांना आठवड्याचे सातही दिवस एक काम करायचं लक्ष्य दिलं, काहींना पाचच दिवसांचं सोपं लक्ष्य दिलं. तिसऱ्या गटाचं लक्ष्य सात दिवसांचंच होतं, पण अडीअडचणीसाठी दोन दिवसांची राखीव सवलत त्यांना आधीच देऊन ठेवली होती. हा तिसरा गट बाकी दोघांच्या पुढे गेला. सवलत हाताशी असली की माणूस ती उधळत नाही, जपून वापरतो. आणि एक दिवस हुकला म्हणून सगळंच सोडून देत नाही.

दुसरा अभ्यास गूगल कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर झाला, त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला. ठरलेल्या वेळीच जिममध्ये गेलात तर पैसे, असं एका गटाला सांगितलं होतं. दुसऱ्याला कधीही गेलात तरी पैसे. बक्षीस बंद झाल्यावर जास्त टिकला तो दुसरा गट. पहिल्यातल्यांना वेळेची शिस्त लागली खरी, पण ती वेळ हुकली की ते त्या दिवशी जायचेच नाहीत.

आपल्याकडे शिस्तीचं जे चित्र डोळ्यांपुढे असतं ते आखाड्याचं. अमरावतीत ते असणं साहजिकच आहे. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच गावात आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे मल्लखांब आणि इतर देशी कसरती दाखवून आलेली पोरं इथलीच. रोज म्हणजे रोज, ही त्या मातीची रीत. पण तिथे उस्ताद असतो, सोबती असतात, आणि त्या वयात घरचा नळ भरायची जबाबदारी दुसऱ्या कोणावर असते.

नळाचं नाव काढलंच आहे तर तिथूनच सुरू करू. तुमचा संकल्प कशामुळे मोडणार आहे, याची यादी वऱ्हाडात बसून डिसेंबरातच करता येते. अमरावतीत नळ दिवसाआड, अकोल्यात त्याहून जास्त दिवसांनी, उन्हाळ्यात तर विचारूच नका. नळाच्या दिवशी सकाळी टाकी, ड्रम, गुंड भरायचे असतात. त्या दिवशी पहाटे फिरायला जाणार असं लिहिणाऱ्या बाईने स्वतःलाच फसवलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चात घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर घराचं घड्याळच बदलतं. मग लग्नसराई. आप्तांची लग्नं, साक्षगंध, हळदी. अकोल्याहून दर्यापूर, दर्यापूरहून परतवाडा. एप्रिलपासून ऊन. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा अकोला जिल्हा प्रशासनाने चक्क १४४ कलम लावलं होतं. जूनमध्ये ज्यांचं वावर आहे त्यांची पेरणी, ज्यांचं नाही त्यांची शाळा-कॉलेजची फी. भाद्रपदात महालक्ष्म्या, त्याआधी आठवडाभर घर साफ करण्यात. दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि मजुरांची शोधाशोध.

यातली एकही गोष्ट अचानक येत नाही. तरी दर वर्षी आपण 'अचानक अडचण आली' म्हणतो.

म्हणून पहिलं काम: संकल्प लिहायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि बारा पानं चाळून ओढाताणीचे आठवडे पेन्सिलीने वेढा. मग संकल्प लिहा, शेजारी दोन रकाने सोडून.

चालण्याचंच उदाहरण घेऊ, कारण दहातल्या सात याद्यांत ते पहिलं असतं. (हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे.) जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालीचं आहे. आठवड्याला, रोजचं नव्हे. एवढ्या एका बदलाने निम्मं ओझं उतरतं. म्हणून पहिल्या रकान्यात 'रोज पाच किलोमीटर' न लिहिता 'आठवड्याला दीडशे मिनिटं' लिहा. जानेवारीत थंडी छान असते. अमरावतीतला छत्री तलाव, वडाळी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा परिसर, जिथे जमेल तिथे तीस मिनिटांचे पाच दिवस सहज होतात. दुसरा रकाना 'ओढाताणीचा दिवस': नळ, पाहुणे, उशिरा सुटलेलं ऑफिस. तिथे लिहा, जेवणानंतर गल्लीतच दहा मिनिटं, चपला घालून, फोन घरी ठेवून. दहा मिनिटांचा दिवस खाडा नाही, भरलेला दिवस. तिसरा रकाना 'मे महिना'. यात जागाही वेगळी आणि वेळही: सहाच्या आत परत, नाहीतर घरात सूर्यनमस्कार, कूलरच्या खोलीत. लग्नाला गावोगावी जाणं असेल त्या आठवड्यात दीडशेऐवजी साठ मिनिटं. हे आजच लिहायचं. मे महिन्यात घामाघूम होऊन लिहायला बसलात तर साठच्या जागी शून्य लिहाल.

आणि खाडे. कालनिर्णयवर दुधाचे खाडे आपण लिहितोच, त्याच चौकटीत कोपऱ्यात संकल्पाची खूण करा. महिन्याला चार खाडे मंजूर, असं वर लिहून ठेवा. कारण द्यायची गरज नाही, कोणाची परवानगी नाही. चार संपले की पाचवा घेता येत नाही, तेव्हा दुसऱ्या रकान्यातली दहा मिनिटं तरी करायचीच. उरलेले खाडे पुढच्या महिन्यात नेऊ नका. नाहीतर मेमध्ये वीस खाडे जमा होतील आणि तुम्ही ते एकदम घ्याल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर केलेल्या अभ्यासात एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्याच अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले तर कोणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. तेव्हा '२१ दिवसांत सवय' असं कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि २२ व्या दिवशी निराश होऊ नका.

सोयाबीन पेरण्याआधी घरचं बियाणं तपासतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं, आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवले ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर शिफारशीइतकं बियाणं पुरतं. कमी उगवले तर जास्त लागतं. फारच कमी उगवले तर ते बियाणं पेरूच नये. संकल्पाचीही अशी तपासणी डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात करा. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, २७ ला भाऊसाहेब पंजाबरावांची जयंती, मधला आठवडा लक्षात राहायला सोपा. जो संकल्प १ जानेवारीपासून करायचा तो या आठवड्यात कोणाला न सांगता करून पाहा. पहाटे पाचला उठायचं ठरवलंय? सात दिवसांत किती वेळा उठलात ते मोजा. पाच-सहा वेळा जमलं तर बियाणं चांगलं. तीनदा जमलं तर पाचच्या जागी पावणेसहा लिहा. एकदाही नाही, तर तुमचा प्रश्न उठण्याचा नसून रात्री साडेबारापर्यंत चालणाऱ्या मोबाइलचा आहे. तेव्हा संकल्प तिकडचा करा.

किती संकल्प करावेत? दोन. फार तर तीन. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकतात त्याला कारण आहे. तुरीचं मूळ खोल जातं, ती उशिरापर्यंत तग धरते, आणि कपाशीने मार खाल्ला तरी डाळीपुरती तूर घरात येते. तसा एक संकल्प मोठा आणि बेभरवशाचा असू द्या, दुसरा चिवट. वजन कमी करणं हा पहिल्या जातीचा. रोज आईला फोन करणं हा दुसऱ्या जातीचा, आणि तो मोडला तर तुमच्याकडे खरोखर कारण नाही.

ज्यांना रोजचं काही जमतच नाही, त्यांनी तारखेचा संकल्प करावा. अकोल्याहून शेगावला पायी जाणारी कितीतरी माणसं एरवी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गाडीवर जातात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने राजराजेश्वराला आणणारी पोरं वर्षभर व्यायाम करतात असंही नाही. पण दिवस ठरलेला, सोबत ठरलेली, की पाय निघतात. असा एक दिवस निवडा आणि त्याआधीचे दोन महिने तयारीचे धरा.

फक्त विक्रमाच्या नादी लागू नका. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याआधी त्या रस्त्याने किती वर्षं हाडं खिळखिळी केली ते अप-डाउन करणाऱ्यांना विचारा. जानेवारीतला आपला जोश त्या विक्रमाच्या जातीचा असतो. तिथे ७२० माणसं राबत होती, घरी आपण एकटेच.

पैशाच्या संकल्पात लवचीकपणा जास्तच लागतो, आणि नेमका तिथेच तो कोणी ठेवत नाही. 'महिन्याला पाच हजार' हे पगारदाराचं वाक्य आहे. ज्याच्या घरी कापसाचा किंवा तुरीचा चुकारा वर्षातून दोन-तीनदा येतो, त्याने महिन्याचं लक्ष्य ठेवलं की ते जुलैत मोडणारच. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत दर महिन्याचा हप्ता ठरलेला. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड, आणि लागोपाठ चार चुकले की खातं बंद पडतं, मग मुदतीत ते पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं. उलट पीपीएफमध्ये आर्थिक वर्षात ५०० रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं, आणि दीड लाखापर्यंत कधीही, कितीही वेळा विभागून भरता येतं. पंधरा वर्षांचं बंधन आहे, तेव्हा लगेच लागणारा पैसा तिथे टाकू नका. पण लहरी उत्पन्नाला त्याची चाल सोयीची. शेतीवाल्यांनी संकल्प रुपयांत न लिहिता हिश्शात लिहावा: जो चुकारा येईल त्याचा दहावा भाग, खात्यात जमा झाल्यापासून आठ दिवसांच्या आत, कृषी केंद्राची उधारी चुकवून उरलेल्यातून. पैसा उरलाच नाही तर त्या वेळी शून्य. तो खाडा नाही.

खाण्याचं थोडक्यात. 'साखर बंद' हा १ जानेवारीला घेतलेला संकल्प आणि संक्रांत यांच्यात जेमतेम दोन आठवडे असतात. शिवाय मधल्या रविवारी कोणाच्या तरी वावरात हुरडा असतो, आणि हुरड्यासोबत गूळ येतोच. त्यापेक्षा जागा ठरवा. घरच्या चहात साखर अर्धी, ऑफिसचा दुपारचा चहा बिनसाखरेचा किंवा नाहीच. दुसऱ्याच्या घरी मात्र जे पुढे येईल ते, मोजमाप नाही. पाहुण्याने कप परत करायचा आणि यजमानीणबाईने तोंड पाडायचं, हा प्रसंग वर्षभर टाळता येतो. मधुमेह असेल तर अर्थात हे लागू नाही, तुमचा रकाना डॉक्टर भरतील.

आणि काही ठिकाणी लवचीकपणा नकोच. खर्रा त्यात पहिला. 'दिवसाला पाचाच्या जागी दोन' असा करार खर्र्याशी टिकत नाही. पुडी खिशात असली की हात जातो. इथे दिवस ठरवून पूर्ण बंद. लवचीकपणा ठेवायचा तो फक्त घसरल्यानंतरच्या वागण्यात. लग्नात मित्राने हातावर दिला आणि खाल्ला, तर ती एक चूक झाली. तिथून चौकातल्या पानठेल्याकडे जाऊन 'आता सुटलंच' म्हणत नवी पुडी बांधून घेणं ही दुसरी, आणि मोठी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी फुकट आहे, बोलायला लाजू नका. दारू रोजची आणि जास्त असेल तर मात्र स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडू नका. अंगाला थरथर, फेफरं असे जिवावरचे त्रास होऊ शकतात, डॉक्टरांना विचारून सोडा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांना खाडे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगितलं, कारण 'या वर्षी गोळ्या बंद करून दाखवतो' असा संकल्प करणारे काका प्रत्येक मोहल्ल्यात असतात.

संकल्प किती जणांना सांगायचा? एकाला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात तर अंगठे भरपूर मिळतील आणि पंधराव्या दिवशी मावसभाऊ विचारेल, "काय राजेहो, फिरणं सुरू हाये ना?" त्या एका प्रश्नाला खोटं उत्तर दिलं की संकल्प आतून पोकळ होतो. ज्याला सांगाल त्याला तिन्ही रकाने दाखवा. नाहीतर तुमचा दहा मिनिटांचा दिवस पाहून तो हसेल.

मोडलं तर पुन्हा धरायला १ जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. आठवड्याची, महिन्याची सुरुवात, वाढदिवसानंतरचा दिवस अशा वळणांवर लोक जिमकडे जास्त वळतात, असं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे वळणांची ददात नाही: संक्रांत, पाडवा, अक्षय तृतीया, आषाढी, पोळा, दसरा. यातला पाडवा मोठ्या आढाव्याला ठेवा. खेड्यात सालगड्याचा नवा करार त्याच दिवसापासून धरतात. जुनं साल संपतं, काय जमलं-काय नाही ते बोलून नव्या सालाचं ठरतं. तुम्हीही कालनिर्णयची पहिली तीन पानं घेऊन बसा आणि खाडे मोजा. किती, यापेक्षा कशामुळे ते पाहा. नळाच्या दिवशीचे खाडे आठ असतील तर नळाच्या दिवसाचा रकाना बदला. शनिवारच्या रात्रीमुळे रविवार जात असेल तर रविवार सरळ वगळा, सहा दिवसांचा आठवडा करा. आणि एखादा संकल्प तीन महिन्यांत उगवलाच नसेल तर त्यावर रेघ ओढा. त्या जागी लगेच दुसरा लिहू नका; ऊन तोंडावर आलेलं असतं, उरलेला एक-दोनच सांभाळा.